नियम कुणाचा, दाद कुणाकडे?

वाचकांचे प्रश्न : बँक, कर्ज आणि आपली माहिती

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार वेगवेगळी असली तरी गोंधळ एकच आहे. बँकेनं ग्राहकाला काय सांगायचं, ग्राहकाची माहिती कुणाला द्यायची आणि चुकलं तर किती दिवसांत दुरुस्त करायचं, हे नेमकं ठरवतं कोण? संसद, रिझर्व्ह बँक, की शाखेतले साहेब? दार चुकलं की अर्ज पडून राहतो. म्हणून प्रत्येक उत्तरात तक्रारीचा उपाय आणि नियमाचा उगम, दोन्ही दिले आहेत.

प्रश्न : होडीच्या इंजिनासाठी घेतलेलं कर्ज दीड वर्षापूर्वी पुरं फेडलं. बेबाकी दाखला जवळ आहे. तरी सिबिलच्या अहवालात थकबाकी दिसते, आणि त्यामुळे नवीन कर्जाचा अर्ज परत आला. शाखेत चार खेटे घातले, 'वरून होईल' एवढंच ऐकायला मिळतं. खासदारांना भेटू का?
— एक मच्छीमार, हर्णै

उत्तर : भेटा, पण या कामासाठी नको. एका खात्यातली चूक दुरुस्त करून घ्यायला संसदेनंच वेगळी वाट आखून दिली आहे. पतमाहिती कंपन्यांचा, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचा, कायदा २००५ चा. अहवालातली चूक दाखवून दुरुस्ती मागितली की ३० दिवसांत ती करायची, ही मुदत त्या कायद्यातच लिहिलेली आहे. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, ही तरतूद मात्र रिझर्व्ह बँकेची. ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश निघाला, एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला.

आधी अहवाल मागवा. सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे, म्हणजे वर्षाला चार अहवाल पैसे न देता मिळतात. चारही मागवा. एकीकडे दुरुस्त झालं आणि दुसरीकडे तसंच राहिलं, हे सर्रास घडतं आणि पुढची बँक नेमका तोच अहवाल काढते.

अहवाल हातात आला की आकड्याकडे, म्हणजे स्कोअरकडे, शेवटी बघा. आधी त्या कर्जाचा तक्ता उघडा. प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो आणि त्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेलं असतं. ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. तीन फुल्या दिसल्या तर त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवलीच नाही. त्याच पानावर खात्याची स्थिती असते. तिथं 'क्लोज्ड' हवं. 'सेटल्ड' असेल तर थांबून विचार करा. एकरकमी परतफेडीत बँकेनं काही रक्कम सोडली असेल तर 'सेटल्ड' ही नोंद खरीच आहे आणि ती तक्रार करून जाणार नाही. सोडलेली रक्कम भरून नवा दाखला घेतला तरच ती बदलते.

जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर असतात, त्या चौकोनांवर विशेष नजर ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात रोकड नाही आणि हप्ता मात्र दरमहा लावलेला. अशा कर्जात दर पावसाळ्यात ०३० आणि ०६० चढत जातात. ही चूक अहवालाची नव्हे, कर्ज मंजूर होताना लावलेल्या हप्त्यांची. नवीन कर्ज घेताना हप्ते हंगामाप्रमाणे बांधून घ्या आणि ते मंजुरीपत्रात लिहून घ्या.

आता तक्रार. चूक दाखवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर ती नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. अर्जात बँक खातं किंवा यूपीआय लिहायची जागा असते. भरपाई तिथंच जमा होते, म्हणून ती रिकामी सोडू नका. त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या, बेबाकी दाखल्याची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. तुमचे चार खेटे कागदावर कुठंच नाहीत, त्यामुळे ३० दिवसांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही.

बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला २१ दिवस मिळतात. त्यात बँकेनं पाठवली नाही तर भरपाई बँकेच्या माथी. बँकेनं वेळेत पाठवूनही ३० दिवसांत अहवाल बदलला नाही तर ती पतमाहिती कंपनीच्या माथी. समजा, तक्रार ३ मार्चला केली. ३० दिवस २ एप्रिलला संपतात. दुरुस्ती २० एप्रिलला झाली तर १८ दिवसांचे १,८०० रुपये, आणि तेही तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवणं बंधनकारक आहे. स्कोअर कसा काढला याबद्दलच्या तक्रारीला मात्र ही भरपाई लागू नाही.

एवढं करूनही हललं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. सीएमएस या तक्रार पोर्टलवर अर्ज करता येतो, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहिल्याचा पुरावा नसेल तर अर्ज तिथल्या तिथं बाद होतो. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून या लोकपालाच्या कक्षेत आहेत.

प्रश्न : रिझर्व्ह बँक परिपत्रकं काढते, बँका त्यांचा हवा तसा अर्थ लावतात. निवडून दिलेल्या लोकांचा यावर काही ताबा आहे की नाही? सामान्य माणसानं काय करायचं?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : ताबा आहे, पण तो पायरीपायरीनं सैल होत जातो. पहिली पायरी कायदा. तो दोन्ही सभागृहांत कलमवार चर्चा होऊन येतो. दुसरी पायरी नियम आणि विनियम. कायद्यानं दिलेल्या अधिकारात नियम केंद्र सरकार करतं, विनियम रिझर्व्ह बँक करते. हे सहसा संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात. सभागृह चालू असताना एकूण ३० दिवस ते तिथं राहतात आणि दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर बदलता किंवा रद्द करता येतात. तिसरी पायरी रिझर्व्ह बँकेचे निर्देश. बँकिंग नियमन कायदा, १९४९ चं कलम ३५-अ आणि इतर कायद्यांतल्या तशाच कलमांखाली ते निघतात. हे पटलावर येत नाहीत.

घोडं इथंच पेंड खातं. ग्राहकाला रोज भिडणाऱ्या बहुतेक गोष्टी तिसऱ्या पायरीवर आहेत : केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि पत्ता पडताळण्याचे, तपशील, कर्जाचं मुख्य तथ्य विवरण, शंभर रुपयांची भरपाई. त्यांतला एकही शब्द कुठल्याही खासदारानं मतदानाला घेतलेला नाही.

म्हणून खासदार काहीच करू शकत नाहीत, असं नाही. निर्देशावर थेट मत घेता येत नसलं तरी त्यावर प्रश्न विचारता येतो, आणि लेखी उत्तर छापलं जातं. ऑगस्ट २०२५ चं उदाहरण घ्या. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याकडे किमान सिबिल स्कोअर असलाच पाहिजे का, असा प्रश्न लोकसभेत आला. अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी उत्तर दिलं की रिझर्व्ह बँकेनं असा कुठलाही किमान आकडा ठरवलेला नाही आणि केवळ पूर्वीचा कर्ज-इतिहास नाही म्हणून अर्ज फेटाळू नये, असं बँकांना बजावलं आहे. निर्देश जानेवारीचाच होता. पण तोपर्यंत तो कुणी वाचला होता? सभागृहातल्या उत्तरानंतर तो घरोघरी पोचला. आता शाखेत 'स्कोअर नाही, म्हणून नाही' असं ऐकायला मिळालं तर हेच कारण लेखी मागा. बँक तुमची बाकीची पत तपासू शकते, कर्ज नाकारूही शकते, पण हे एकच कारण पुरेसं नाही.

तुमच्या खासदारांना प्रश्न सुचवायचा असेल तर तो असा लिहून द्या की त्यांच्या कचेरीला फार हात लावावा लागू नये. लोकसभेचा प्रश्न १५० शब्दांत बसावा लागतो आणि निदान १५ दिवस आधी सूचना लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेलं पत्र बहुधा पुढच्या अधिवेशनावर जातं. प्रश्नात 'माझ्या खात्याचं काय झालं' नको, ते बाद होतं. 'गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्रात पतमाहितीच्या किती तक्रारी ३० दिवसांपलीकडे गेल्या, किती भरपाई दिली गेली, किती बँकांवर कारवाई झाली' असं विचारा. आकडा मागणारा प्रश्न टाळायला अवघड जातो. एखाद्या कर्जदाराचं नाव घालून विचारलंत तर रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ४५-ई पुढे केलं जाईल. पतविषयक माहिती गुप्त ठेवण्याचं ते कलम, आणि मंत्र्यांच्या उत्तरांत ते नेहमीचं आहे.

उत्तर 'माहिती गोळा केली जात आहे' असं आलं तर हिरमुसू नका. संसदेच्या व्यवहारात ते आश्वासन मानलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याची नोंद ठेवते आणि तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. खासदारांच्या कचेरीत तीन महिन्यांनी जाऊन 'त्या आश्वासनाचं पुढं काय' हे विचारणारा मतदार क्वचित सापडतो. तो तुम्ही व्हा.

याशिवाय वित्तविषयक स्थायी समिती आहे : ३१ सदस्य, त्यांत २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरलाही बोलावू शकते. नोटाबंदीनंतर जानेवारी २०१७ मध्ये ऊर्जित पटेल तिच्यापुढे हजर झाले होते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण कोणती मानली आणि कोणती नाही याचं उत्तर तीन महिन्यांत द्यावं लागतं. आणि नियम कायद्याच्या चौकटीबाहेर गेला आहे का, हे पाहायला दोन्ही सभागृहांच्या अधीनस्थ विधान समित्या आहेत. तुमचा आक्षेप 'कायदा एक म्हणतो आणि नियम भलतंच' असा असेल तर हेच दार.

लोकसभेच्या याचिका समितीकडे स्वतः अर्ज करता येतो. मराठीत लिहिलात तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, सहीसकट. लोक हमखास चुकतात ते दोन ठिकाणी. एक, याचिकेला झेरॉक्सचा गठ्ठा जोडतात. पत्रं, प्रतिज्ञापत्रं जोडायची नसतात, जे काही ते याचिकेतच लिहायचं. दोन, ज्याला कायद्यात दुसरा उपाय आहे त्या गोष्टीसाठी याचिका करतात. वर हर्णैच्या वाचकाला लोकपाल आहे, म्हणून त्यांची याचिका चालणार नाही. 'मच्छीमारांच्या कर्जाचे हप्ते हंगामाप्रमाणे नसल्यानं पतमाहिती बिघडते, म्हणून निर्देशात बदल करावा' ही मात्र सार्वजनिक हिताची मागणी आहे आणि ती याचिकेत शोभते.

एक व्यावहारिक सूचना. रिझर्व्ह बँकेनं २८ नोव्हेंबर २०२५ रोजी नऊ हजारांहून अधिक जुनी परिपत्रकं रद्द करून त्यांतला चालू मजकूर २४४ एकत्रित निर्देशांत बसवला. तुम्ही अर्जात जुना परिपत्रक क्रमांक घातलात तर 'हे रद्द झालंय' असं उत्तर येऊ शकतं. तरतूद रद्द झालेली नसते, तिचं घर बदललेलं असतं. अर्जात क्रमांकाऐवजी तरतूद शब्दांत लिहा.

प्रश्न : तारकर्लीत घराला जोडून दोन खोल्या काढून पर्यटकांना द्यायच्या आहेत. बँक ११ टक्क्यांनी ५ लाख देते म्हणाली. सह्या करायला पंधरा-वीस पानं पुढे ठेवली. त्यांत विम्याचाही कागद होता. नेमकं काय तपासू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : पंधरा-वीस पानांतलं एक पान आधी मागा : मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाचा दर, शुल्क आणि अटी एका जागी सांगणारा कागद. बँकेत 'केएफएस' म्हणा, लगेच कळेल. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व नव्या किरकोळ कर्जांना आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ते द्यावंच लागतं. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असायला हवं आणि समजावून सांगितल्याची पोच तुमच्याकडून घ्यायची असते. मराठीत मागणं हा हक्क आहे, उपकार नव्हे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हे विवरण निदान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहतं. तेवढ्या काळात तुम्ही होकार दिलात तर बँकेला त्याच अटींवर कर्ज द्यावं लागतं. 'आज सही करा नाहीतर दर बदलेल' ही घाई म्हणूनच खोटी. कागद घरी न्या, सावकाश वाचा.

त्यात एक आकडा असतो, वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर. तुमच्या कर्जावर तो काढून दाखवतो. ५ लाख, ५ वर्षं, ११ टक्के : हप्ता सुमारे १०,८७१ रुपये. आता समजा प्रक्रिया शुल्क १ टक्का, म्हणजे ५,०००, त्यावर जीएसटी ९०० आणि विम्याचा हप्ता १२,०००. हे १७,९०० रुपये आधीच कापून घेतले तर हातात ४,८२,१०० येतात. फेड मात्र ५ लाखांच्या हिशेबानं. दर निघतो सुमारे १२.६ टक्के. म्हणून दोन बँकांची तुलना व्याजदरावर करू नका, एपीआरवर करा. साडेअकरा टक्क्यांची, शुल्क कमी असलेली बँक इथं स्वस्त पडू शकते.

विम्यासारखे तिसऱ्याचे पैसे बँक तुमच्याकडून घेत असेल तर तेही एपीआरमध्ये धरून वेगळे दाखवायचे असतात आणि पावती द्यायची असते. विवरणात नसलेलं कुठलंही शुल्क कर्जाच्या पूर्ण मुदतीत तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ही ओळ सगळ्यात जास्त कामाची आहे. तीन वर्षांनी खात्यातून 'तपासणी शुल्क' कापलं गेलं तर विवरणाची प्रत पुढे ठेवा आणि ते कुठल्या ओळीत आहे, विचारा. प्रत कर्ज फिटेपर्यंत जपा. कोकणातल्या पावसात ओलीनं कागद चिकटतात, मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा.

कर्ज फिटल्यावर बँकेनं गहाण ठेवलेले मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे असतात. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे.

प्रश्न : मुंबईत नोकरी, खातं गावच्या शाखेत. शिमग्याला आलो तर खातं बंद, म्हणे केवायसी संपली. कुणी कळवलं नाही.
— एक चाकरमानी, गुहागर

उत्तर : मुदतीआधी निदान तीन सूचना द्यायच्या असतात आणि त्यांतली एक पत्रानं. मुदत टळल्यावर पुन्हा तीन स्मरणपत्रं, त्यांतही एक पत्र. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये हे घातलं. पत्रं कोणत्या तारखेला कुठल्या पत्त्यावर गेली, हे शाखेला लेखी विचारा. बहुतेकदा पत्र बंद घराच्या दारात पडलेलं असतं.

जोखीम कमी असलेल्या खात्याची केवायसी दहा वर्षांनी, मध्यमची आठ, जास्तची दोन वर्षांनी. माहिती बदललेली नसेल तर नुसतं स्वयंघोषणापत्र पुरतं आणि ते नोंदलेल्या मोबाइलवरून, ईमेलनं किंवा बँक मित्राकडेही देता येतं. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं डोंबिवलीत, ही तुमच्यासारख्या हजारोंची अडचण. आधार ई-केवायसी करताना सध्याचा पत्ता स्वयंघोषणेनं देता येतो, त्यासाठी आधार बदलावं लागत नाही. पत्रव्यवहाराला मुंबईचा पत्ता द्या, म्हणजे पुढची सूचना चुकणार नाही.

प्रश्न : हे सगळं पतसंस्थेला लागू आहे का? ठेवीची माहिती मागितली तर चेअरमन साहेबांना विचारा म्हणतात.
— एक ठेवीदार, कुडाळ

उत्तर : नाही, आणि हे ठेव ठेवण्याआधी कळायला हवं होतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली ती नोंदलेली असते, तिच्यावर देखरेख सहकार खात्याची आणि त्या खात्याला जाब विचारणारं सभागृह म्हणजे विधिमंडळ. लोकपाल नाही. बँकेतल्या ठेवीला मिळणारं ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षणही नाही. शंका असेल तर दारावरची पाटी वाचा. सहकारी बँकेकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि ठेव विम्याचा उल्लेख शाखेत लावलेला असतो.

तुम्ही सभासद असाल तर कायद्याचं कलम ३२ वापरा. पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहारांची नोंद असलेली पानं पाहण्याचा हक्क आहे. शुल्क भरून प्रत मागितली की एका महिन्यात द्यावी लागते. शुल्काची पावती घ्या, तिच्याशिवाय महिना मोजता येत नाही. चेअरमन साहेबांची मर्जी यात कुठंच येत नाही. मिळालं नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, पुढे जिल्हा उपनिबंधकांकडे. नाममात्र सभासद करून ठेव घेतली असेल तर पोटनियमात त्याचे हक्क आधी बघा.

एकाच संस्थेत शेकडो ठेवीदार अडकले असतील तर मात्र आमदारांकडे जाण्यात अर्थ आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधिमंडळाची विनंती अर्ज समिती ही तिन्ही साधनं आहेत. सोबत ठेवींच्या पावत्या नकोत. संस्थेचा नोंदणी क्रमांक, शेवटचं लेखापरीक्षण कधीचं आणि निबंधकांना दिलेल्या अर्जांच्या तारखा, एवढं एका पानावर द्या. मंत्र्यांना उत्तर देताना खात्याला या तारखांवर बोलावं लागतं.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिथं संसद बँकांचे नियम साठ दिवसांत रद्द करू शकते. आपल्याकडे का नाही?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो, फक्त अर्धं. तिथं १९९६ चा काँग्रेस पुनरावलोकन कायदा आहे (काँग्रेस म्हणजे तिथली संसद). एखाद्या यंत्रणेनं अंतिम नियम केला की सभागृहाच्या ६० दिवसांच्या खिडकीत तो नापसंत करणारा ठराव आणता येतो. सिनेटमध्ये तो साध्या बहुमतानं होतो, अडवणूक करता येत नाही. पण राष्ट्राध्यक्षांची सही लागते, म्हणून बहुधा सत्तापालट झाल्यावरच हे हत्यार चालतं. ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोनं बँकांविरुद्ध सामूहिक दावे करता यावेत म्हणून केलेला नियम २०१७ मध्ये असाच गेला. सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि उपाध्यक्षांनी निर्णायक मत दिलं. एकदा असा नियम पडला की बहुतांशी तसाच नियम यंत्रणेला पुन्हा करता येत नाही, नवा कायदा लागतो. म्हणजे हे हत्यार ग्राहकाच्या बाजूनंच चालतं असं समजू नका.

खात्याच्या माहितीवर ग्राहकाचा हक्क, हे तिथल्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कलम १०३३ म्हणून आलं. त्याखालचा नियम व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला, लगेच बँका कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये ब्यूरोनं स्वतःच तो फेरविचाराला घेतला. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आपल्यापुरतीच नाही.

आपल्याकडे हेच काम अकाउंट अॅग्रिगेटर करतो. निर्देश २०१६ चे, प्रत्यक्ष सुरुवात सप्टेंबर २०२१. तुमच्या संमतीनं एका बँकेतली माहिती दुसरीकडे जाते, मधल्या अॅग्रिगेटरला ती वाचता येत नाही आणि संमती मागे घेता येते. यासाठी वेगळा कायदा झाला नाही, सगळं तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं. त्यामुळे लवकर झालं, आणि त्यामुळेच सभागृहात त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

राहता राहिला नियम रद्द करण्याचा मुद्दा. आपल्याकडेही वाट आहे, वर सांगितलेली ३० दिवसांची. राज्यसभेत मे २०१२ मध्ये पी. राजीव यांनी माहिती तंत्रज्ञानाच्या मध्यस्थांविषयीचे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आणला होता. चर्चा चांगली झाली, प्रस्ताव आवाजी मतदानानं पडला. दोन्ही सभागृहांचं एकमत लागत असल्यानं, सरकारकडे बहुमत असेल तोवर असा प्रस्ताव पास होणं दुर्मीळच.

प्रश्न : मोबाइलवरच्या एका कर्ज अॅपनं फोनमधले सगळे नंबर घेतले. आता नातेवाइकांना फोन जातात. नवा डेटा कायदा आलाय ना?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. तेव्हा संमतीची सूचना मराठीत मागता येईल. तोवर थांबायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या निर्देशांनुसार अॅपला संपर्क यादी, कॉल नोंदी, फोटो-फायली यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक, ठिकाण एवढंच, तेही नोंदणीच्या वेळी एकदा आणि संमतीनं. निदान एक दिवसाची माघारीची मुदत असते. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अॅपची संपर्क आणि फायलींची परवानगी काढा, पण अॅप लगेच उडवू नका. करार, कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव आणि धमकीचे संदेश यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्य कर्ज अॅपची यादी आहे, त्यात नाव शोधा. असेल तर त्यामागच्या वित्त कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग लोकपाल. नसेल तर ती तक्रार लोकपालाची नाही. बेकायदा ठेवी-कर्जांच्या तक्रारी घेणाऱ्या 'सचेत' पोर्टलवर नोंदवा आणि धमक्या येत असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करा, आजच.